बयाबाईकडची चिमूट

आटपाडीत बाजारपेठ संपते तिथं, डाळिंबाच्या रोपवाटिकेला लागून एक बैठं घर आहे. दारावर पाटी आहे : माणदेश पाणीधोरण अभ्यास मंडळ. आत अकरा माणसं बसतात आणि सरकारनं पाण्याचं काय करावं ते लिहितात. सरकार ते वाचतं का, हे अकरांतल्या एकालाही ठाऊक नाही. पण लिहिण्यात कुणी कसूर करत नाही. आणि या अकराही जणांचे पासवर्ड बयाबाईच्या डोक्यात होते.

बयाबाई तिथं चहा करायची आणि झाडू मारायची. वय आधार कार्डावर अठ्ठावन्न, खरं बिरोबाला ठाऊक. शाळेचं तोंड तिनं फक्त मेंढरं पलीकडनं वळवताना बघितलेलं. पण तीनशे मेंढरं ती तोंडावरनं ओळखायची. कुणाचा कान कसा कातरलाय, कुणाच्या कपाळावर पांढरा ठिपका कुठल्या अंगाला कलंडलाय, सगळं डोक्यात. नवरा गेला, पोरगा जोतीराम डाळिंबात शिरला आणि एक दिवस त्यानं कळप विकून टाकला. तीनशे तोंडं मावतील एवढी जागा बयाबाईच्या डोक्यात रिकामी पडली. घर रिकामं पडलं तर उंदीर शिरतात. तिच्या डोक्यात पासवर्ड शिरले.

त्याचं असं झालं. दोन वर्षांमागं पुण्याहून फर्मान आलं. मंडळाला मदत करणाऱ्या मोठ्या लोकांनी ठरवलं, की ज्याचा त्याचा पासवर्ड वेगळा पाहिजे, लांब पाहिजे, त्यात आकडा पाहिजे, चिन्ह पाहिजे, दर महिन्याला बदलला पाहिजे आणि कुठंही लिहिलेला नसला पाहिजे. तोवर सगळ्यांचे पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्याशेजारी लिहिलेले असायचे. कॅलेंडर उतरवलं आणि चार दिवस मंडळ बंद पडलं. माणसं यायची, डबा खायची, जायची. पाण्याचं धोरण तसंच तुंबलं.

पाचव्या दिवशी ग्रंथपाल मंगलताई डोकं धरून बसल्या होत्या. चहा ठेवता ठेवता बयाबाई म्हणाली, "सोमवारी तुमच्या तळहातावर काय लिवल्यालं, ते हुडकतायसा का? थोरला साप, मग बांगडी, मग सात, मग कुंपन, मग धाकटा साप आन् शेवटाला चांदनी."

मंगलताईंनी मोठा एस मारला, ओ मारला, सात, दोन उभ्या-दोन आडव्या रेघांचं ते कुंपण, छोटा एस आणि तारा. खटकन उघडलं.

संध्याकाळपर्यंत उरलेले दहा जण रांगेत उभे राहिले. तेव्हापासून एक तारखेला चहाच्या वेळेला प्रत्येकानं नवा पासवर्ड तळहातावर लिहून आणायचा, बयाबाईनं कानाची कातर बघावी तसा बघायचा आणि हात धुवायला लावायचा. विसरला की तिच्याकडं जायचं. पण तिची पद्धत होती. आधी तोंड बघायची. मग विचारायची, "जेवलाईसा का?" खरं बोलणाऱ्याचं 'जेवलो' आणि खोटं बोलणाऱ्याचं 'जेवलो' वेगळं ऐकू येतं; ते कानाला बरोबर लागलं तरच कानात सांगायची. फोनवर सांगत नव्हती. पासवर्ड किती आहेत, हेही सांगत नव्हती. कळपाचा आकडा परक्याला सांगितला की नजर लागते, हे कुठल्याही धनगराच्या पोराला कळतं.

सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात क्रांती आली.

क्रांती वडूजची पोरगी, पण आता पुण्याच्या एका तपासणी कंपनीत मोठ्या कामाला. धोरण लिहिणाऱ्या अकरा संस्था एकमेकींशी ताडून कुणाचं घर चोराला किती उघडं आहे, याचा तक्ता करायचं तिच्याकडं होतं. साताऱ्याची काचेच्या इमारतीतली संस्था झाली होती, सांगलीच्या दोन झाल्या होत्या. आता आटपाडी.

तिनं टॅबलेट मांडीवर घेतला आणि संगणकाचं बघणाऱ्या इंद्रजितला विचारलं, "पासवर्ड कुठे साठवता?"

इंद्रजित चाळिशीचा, पोटानं सुखी आणि स्वभावानं खरा. म्हणाला, "बयामावशीत."

"म्हणजे कुठली प्रणाली?"

"प्रणाली न्हाई, ती काय माठापाशी बसलीय."

क्रांतीनं माठाकडं बघितलं. टॅबलेटवर पाच पर्याय होते, त्यांत बयाबाई नव्हती. तिनं 'इतर' दाबलं आणि खाली चोवीस पोटप्रश्न उघडले. ती नेकीची पोरगी, तिनं चोवीसच्या चोवीस विचारले.

"यंत्र कुठल्या साली बसवलं?"

"दुष्काळात," इंद्रजित म्हणाला.

"अद्ययावत कधी होतं?"

"एक तारखेला. चहासंगट."

"वीज गेल्यावर चालतं का?"

"तवाच जास्त चालतंय. तवा आमास्नी काय काम नसतं, मग ती गोष्टी सांगत्या."

"बिघाडाची नोंद?"

"डावा गुडघा. आवस-पुनवंला."

"यातली माहिती दुसरीकडे कुठे सुरक्षित ठेवलेली आहे? प्रत?"

हे इंद्रजितला ठाऊक नव्हतं. माठापाशी बसलेल्या बयाबाईनंच उत्तर दिलं. "हाय की. वडूजला माजी भन हाय, धोंडुबाई. दर म्हैन्याला जाती आन् तिला समदं सांगून मोकळी हुती."

क्रांतीचा हात थांबला. "बाहेरच्या माणसाला सगळे पासवर्ड सांगता?"

"ती ठार भैरी हाय, बाय. काय बी ऐकू येत न्हाई. म्हनून तर तिला सांगती. मनात साठलं की पोट फुगतंय."

क्रांतीनं बराच वेळ विचार केला आणि लिहिलं : प्रत ठेवलेली आहे, परत मिळवता येत नाही.

"आणि एकूण पासवर्ड किती?"

"हायत पोटापुरते."

"आकडा लागतो, आजी. त्याला सहा गुण आहेत."

"लागू दे. तुज्या चुलत्याची मेंढरं हुती, वडूजच्या माळाला, भनीकडं जाताना म्या बगितल्यात. जा, त्याला इचार किती हुती. सांगतोय का बग."

तेवढ्यात मंडळाचे संचालक उदयसिंह सर आले. वाळव्याकडचे ऊसवाले, भरगच्च मिशांचे. पण आदल्याच दिवशी ते बालाजीहून आले होते. डोकं सपाट, मिशा साफ. क्रांतीला गेल्या वर्षीचा अहवाल दाखवायला ते बयाबाईपाशी वाकले. "बया, माझा तेवढा सांग."

बयाबाई चुलीवरच्या दुधाकडं बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती हलली नाही.

इंद्रजित क्रांतीच्या कानात म्हणाला, "मिशा न्हाईत न्हवं, वळखलं नसंल."

हे बयाबाईला बरोबर ऐकू गेलं. "इंद्रजिता, कातरल्यालं मेंढरू वळखू येईना तर धनगरानं शेती करावी. सायबास्नी मी सावलीवरनं वळखती. त्यांच्या मागं कोन हुबं हाय, ते बगा."

मागं क्रांती उभी होती.

पंधरा दिवसांनी तक्ता आला. साताऱ्याची काचेची संस्था पहिली, ब्याऐंशी गुण. आटपाडी अकरावी, नऊ गुण. त्यांतले चार दाराला कुलूप असल्याबद्दल. खाली शेरा होता : सर्व धोका एकाच ठिकाणी साठला आहे, बयाबाई. ती काढावी. पासवर्डसाठी संगणकातली तिजोरी घ्यावी. महिनाअखेर फेरतपासणी होईल. आमचा माणूस सांगून-न-सांगून घुसायचा प्रयत्न करील. तीत सुधारणा न दिसल्यास मंडळ तक्त्यातून वगळण्यात येईल.

उदयसिंह सरांनी तिला खोलीत बोलावलं. ऊस कुणाचाही असो, पाणी तोडताना माणूस खाली बघतो. तसे ते खाली बघत होते. "बया, आता वय झालं. चहाचं यंत्र येणार आहे. तू पासवर्ड तेवढे इंद्रजितला दे, आणि महिनाअखेरीपासून निवांत घरी बस."

"कळप इकायचा म्हना की," बयाबाई म्हणाली.

"तसंच समज."

ती उठली. तिला भांडता आलं असतं, पण कळप विकताना भांडायचं नसतं. भांडून विकलेलं जनावर नव्या घरी टिकत नाही. घरी जोतीरामला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं, आई. डाळिंबाच्या सावलीला बस." तिनं ट्रंकेतनं एक गाठोडं काढलं आणि मांडीवर घेऊन बसली. त्यात लोकरीच्या चिमट्या होत्या. कळप गेला त्या दिवशी तिनं तीनशेतल्या दर मेंढराच्या पाठीवरची चिमूटभर लोकर उपटून ठेवली होती. तिच्या घरची ती रीत. मेंढरू द्यायचं, चिमूट द्यायची नाही. चिमूट दिली की कळपाची लक्ष्मी मागोमाग जाते.

शुक्रवारी इंद्रजित तिच्यासमोर बसला आणि ती एकेक सांगत गेली. "ग्रंथालयाची मंगल : घोडी, धाकटा साप, चार, कुंपन, बांगडी..." तो तिजोरीत भरत गेला. दुपार झाली. एकेका नावाला ती क्षणभर थांबायची, जणू मेंढराच्या पाठीवरनं हात फिरवतीय. शेवटी इंद्रजितनं तिजोरीला स्वतःचा एक मोठा पासवर्ड लावला आणि म्हणाला, "झालं, मावशी." बयाबाईनं पदर झटकला आणि कप विसळायला गेली.

त्याच दिवशी चार वाजता इंद्रजितला फोन आला. तिजोरी विकणाऱ्या कंपनीतून बोलतोय म्हणाला, मोठा गोड माणूस. इंद्रजितची विचारपूस केली, तिजोरीची तब्येत विचारली. इंद्रजित स्वभावानं खरा. अकराव्या मिनिटाला त्यानं तिजोरीचा पासवर्ड सांगितला आणि वर, गावाकडं या कधी, म्हणाला.

सोमवारी सकाळी मंडळात कुणाचंच काही उघडेना. तिजोरी उघडत होती, तिच्यातले पासवर्ड दिसत होते, पण टाकला की यंत्र म्हणे चूक. अकराच्या अकरा चूक. इंद्रजित एकेक पुन्हा टाकून बघत होता. त्यातच क्रांती दारात आली, केस विस्कटलेले.

"तुम्ही तिजोरीत खोटे पासवर्ड भरलेत का?" ती म्हणाली. "शुक्रवारी फोन केला तो आमचाच माणूस होता. तुमची तिजोरी त्यानं अर्ध्या तासात उघडली. पण पुढं एकही दार उघडेना. शनिवारभर बसला. आता तो रजेवर आहे."

"म्या खरंच भरलं," इंद्रजित म्हणाला. "मावशीनं सांगितल्यालं, तसंच."

सगळ्यांनी माठाकडं बघितलं. बयाबाई शेवटचा आठवडा म्हणून माठ घासून काढत होती.

"बया," उदयसिंह सर म्हणाले, "तू चुकीचे सांगितलेस का?"

"न्हाई, सायेब. एक बी चुकीचा न्हाई. चिमूट तेवढी ठेवली माज्याकडं."

"कसली चिमूट?"

"आवं, मेंढरू दिलं म्हंजी समदंच देत्यात का? एकेका पासवर्डाची शेवटची खूण ठेवून घ्याची. इंद्रजितनं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. रीत हाय ती."

माठातलं पाणी निथळत होतं. क्रांती हळूच खाली बसली आणि टॅबलेट उघडला. तिनं बरंच खाली सरकवलं, जिथवर कुठल्याच संस्थेसाठी तिला आजवर जावं लागलं नव्हतं. तिथं एक रकाना होता : गुपित दोन ठिकाणी विभागून ठेवलेले आहे काय, की एक भाग चोरीस गेला तरी दुसऱ्यावाचून निरुपयोगी ठरेल? त्याला चाळीस गुण होते.

"साताऱ्याला हे होतं का?" सरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"साताऱ्याच्या माणसानं चौथ्याच मिनिटाला सांगितलं," क्रांती म्हणाली. "इंद्रजितभाऊ तरी अकरा मिनिटं टिकले."

इंद्रजितनं मान खाली घातली, पण जरा बरं वाटलं त्याला.

क्रांती बयाबाईसमोर उकिडवी बसली. वडूजच्या माळावर चुलत्यापुढं बसायची तशी. "आजी, तुमास्नी काढता येत न्हाई आता," ती म्हणाली, आणि पुण्याची भाषा तिच्या तोंडातनं कुठं गळून पडली ते तिलाही कळलं नाही. "काढलं तर अकरा जन भाईर ऱ्हात्यात. पर फारम भरावा लागंल. यंत्रावर क्रमांक चिकटवायचा असतोय."

"चिकटव की."

क्रांतीनं पिशवीतनं चिकटपट्टी काढली. बयाबाईच्या कपाळाला लावायची का दंडाला, यावर सर आणि इंद्रजित यांच्यात थोडी चर्चा झाली. बयाबाईनं कोपऱ्यातली तिची जुनी मेंढरांमागची काठी पुढं केली. पट्टी काठीला लागली.

मग मंगलताईंपासून एकेक जण माठापाशी आला, जेवलो म्हणाला आणि आपली चिमूट कानात घेऊन गेला. उदयसिंह सरांचा नंबर शेवटचा. ते वाकले; बयाबाई त्यांच्या खांद्यावरनं क्रांतीकडं बघत राहिली. सर म्हणाले, "क्रांतीताई, जरा बाहेर." क्रांती गुमान अंगणात गेली आणि फॉर्ममधला शेवटचा प्रश्न तिथनंच, खिडकीतनं विचारला.

"आजी, एकच ऱ्हायलं. ह्ये यंत्र कवापतूर चालंल? तारीक लागती."

"त्ये आरेवाडीच्या बिरोबाला इचार," बयाबाई म्हणाली, "मला नगं."

क्रांतीनं लिहिलं : बाहेरील सेवा पुरवठादाराच्या उत्तराची प्रतीक्षा. त्यालाही दोन गुण मिळाले.

आतून बयाबाईचा आवाज आला, "भाईर हुबी ऱ्हाऊ नगं, पोरी. जेवलीस का?"

क्रांती सकाळी सहाला पुण्याहून निघाली होती. जेवले म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग ये आत," बयाबाई म्हणाली, आणि जोतीरामनं बांधून दिलेली भाकरी तिनं सोडली.