काकांचा पेला

अमेरिकेत, ऑरेगन राज्यात आमच्या शेजारी राहणारे काका निवृत्त भूलतज्ज्ञ होते. कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आल्यावर त्यांनी कायद्यानं मिळणारं मरणाचं औषध मागून घेतलं. काकूंना ते पटलं नव्हतं, तरी त्या दिवशी त्या पलंगाशी बसल्या होत्या. मीही होतो. काकांचे हात थरथरत होते, म्हणून काकूंनी सवयीनं औषधाचा पेला धरायला हात पुढे केला.

“तू नको. हे माझं मीच प्यायला हवं, कायदा तसा आहे,” काका म्हणाले.

ते हळूहळू सगळं प्यायले. काकूंनी त्यांचे ओठ पुसले. लगेच त्यांना झोप लागली आणि थोड्या वेळानं श्वास थांबला.

मी त्यांच्या मुलीला फोन करायला उठलो.

“जरा थांब,” काकू म्हणाल्या. “मला अजून यांच्याशी भांडायचंय.”

मी बाहेर जाऊन बसलो.