लाट की खुर्ची

समा भागातल्या आमच्या सोसायटीत समोरच्या बंगल्यातले गुजराती शेठ प्रत्येक वाक्याला "बराबर ने?" जोडतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. धरणाच्या तळ्यावर त्यांची स्वतःची मोटरबोट आहे. ते बोट चालवतात आणि त्यांच्या पन्नाशीतल्या पत्नी, भाभी, फळीवर उभ्या राहून बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून सरसरत येतात. हे कळल्यापासून माझा नुसता जळफळाट होतो.

गेल्या महिन्यात त्यांनी जुनी बोट काढून नवी घ्यायचं ठरवलं. दोन मनात भरल्या होत्या. एकीची लाट मोठी. दुसरीची लहान, पण तिच्यात चालवणाऱ्याची खुर्ची मागे वळते. आमच्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर उलटे बसून शेठ मला दाखवू लागले, "असं वळलं की ही मला दिसणार, बराबर ने?"

तेवढ्यात भाभी फाटकातूनच म्हणाल्या, "मला बघून काय करणार? मला लाट मोठी पाहिजे."

शेठ खो खो हसले. तिथंच फोन लावून त्यांनी मोठ्या लाटेची बोट सांगून टाकली. "आणि समोर मोठा आरसा बसवा," ते म्हणाले, "मला मागचं दिसायला पाहिजे."

त्यानंतर मला बोटीचा हेवा वाटेनासा झाला. आता हेवा वाटू लागला तो त्या दोघांचा, आणि ते त्याहून वाईट होतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, जरा कुचकटपणेच. कणीक मळता मळता तिनं विचारलं, "तुम्ही कोणती घेतली असती?"

"आपल्याला पोहता कुठं येतं?"

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली आणि पुन्हा कणीक मळू लागली.