ताटाचा पलीकडचा कोपरा

उझबेकिस्तानातल्या मर्गिलान शहरात जुन्या रेशीमकारखान्याच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. त्या गल्लीतील तेवीस घरांच्या गव्हाला एकेचाळीस वर्षे एकाच बाईच्या हातचे मोड येत होते. बाईंचे नाव इनोबतआपा.

नवरोज या वसंतातल्या नववर्षाच्या सणाला गल्लीत कढईभर सुमालाक शिजते, आणि त्या गोड खिरीत साखरेचा कणही पडत नाही. पीठ, तेल, पाणी आणि गव्हाच्या मोडांचा रस, एवढ्यावरच ती कढई शिजते. तिचा गोडवा सर्वस्वी मोडांचा. मोड पांढरे असतात तोवर गोड असतात. उजेड लागून ते हिरवे झाले की कडवट होतात आणि मग कढई कितीही तास ढवळली तरी तो कडवटपणा जात नाही. म्हणून भिजवण्यापासून कापणीपर्यंत ताटांवरचे फडके एकाच व्यक्तीने उचलायचे, इतरांनी तिकडे पाहायचेही नाही, असा गल्लीचा दंडक होता. परक्या नजरेने मोड खुंटतात, असे सगळेच मानत आणि इनोबतआपा तर इतरांहून काकणभर अधिकच.

त्या जवळच्या रिश्तान गावातल्या कुंभाराची लेक. एकोणिसाव्या वर्षी या घरात आल्या. सासूबाई कुम्री यांनी पहिली नऊ वर्षे त्यांना केवळ पाणी आणून द्यायला लावले. ताटाजवळ फिरकू दिले नाही. पुढे सासूबाईंचे हात कापू लागले, तेव्हा एका सकाळी त्यांनी जाड सुती फडके सुनेच्या मांडीवर ठेवले आणि म्हटले, "आता तू." समारंभ एवढाच. पुढे काही वर्षे सोव्हिएत सरकारी मंडळींना हा सण खुपू लागला. तेव्हा इनोबतआपांनी ताटे गोधड्यांच्या उतरंडीमागे, भिंतीतल्या कोनाड्यात लपवली होती. कोणी विचारलेच तर लग्नाचे जेवण आहे म्हणून सांगायचे ठरले होते. त्या अंधारात आलेल्या मोडांइतके पांढरे मोड गल्लीने पुन्हा कधी पाहिले नाहीत. आपा ही गोष्ट क्वचितच सांगत, पण सांगताना त्यांचा आवाज किंचित उंच होई.

गेल्या दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. माणूस त्या आवाजावरून ओळखत, पायरी पायाने चाचपत. मुलगा रशियात कामाला होता. त्याला त्यांनी कळवले नव्हते. कळले असते तर शस्त्रक्रिया आली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे, गहू दुसऱ्या घरी गेला असता. आपल्यानंतर काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारू दिला नव्हता.

या वर्षी नवरोज नऊ दिवसांवर आला, तशी घराघरांतून वाटी-वाटी गहू येऊ लागला. समोरची तुर्सुनआय सर्वांत आधी हजर झाली.

"आपा, माझा गहू वर ठेवा हं. सालिमाच्या गव्हात निम्मे खडेच असतात."

"आणि तुझ्यात काय मोती असतात? गेल्या वर्षी निवडता निवडता माझी नखं झिजली."

"तुम्हाला हल्ली गहूसुद्धा खडे दिसायला लागलेत!"

बायका हसल्या. इनोबतआपाही हसल्या, पण वाटी घेताना त्यांचा हात हवेत जरासा चुकला. सून मुनिसा हिने ती वाटी अलगद त्यांच्या बोटांपाशी सरकवली. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

तीन दिवस पाणी बदलून गहू भिजवला. नंतर चार लाकडी ताटांत बोटभर जाडीचा थर पसरला. यंदा थंडी रेंगाळली होती आणि आतल्या खोलीत गॅसची आच मंद होती. म्हणून आपांनी ताटे काचेच्या पडवीत उबेला ठेवली. सकाळी, दुपारी व संध्याकाळी त्या फडकी उचलत, पाणी शिंपडत, हात फिरवून मुळांची वीण तपासत, अलीकडच्या काठाशी एक मोड चिमटून जिभेवर ठेवत आणि फडकी पुन्हा पसरत. मोड दिवसेंदिवस गोड होत चालला होता. सहाव्या सकाळी त्यांनी स्वतःशीच मान हलवली. आज कापायचे. बायका मोड वाटायचे यंत्र घेऊन दहाच्या सुमारास येणार होत्या.

तोच मुनिसा पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. उंबरठा मात्र तिने ओलांडला नाही.

"ओयीजान, आत येऊ?"

सासूला ती ओयीजान, म्हणजे आई, म्हणे; पण सात वर्षांत तिने असे कधीच विचारले नव्हते.

"गहू झाकलेला नाही, पोरी."

"माहीत आहे. म्हणूनच विचारते."

इनोबतआपा जरा बाजूला सरकल्या. तो नकार नव्हे, असे समजून मुनिसा आत आली. तिने सासूचा हात धरला आणि त्यांनी रोज जिथपर्यंत हात फिरवला होता त्याच्याही पलीकडे, भिंतीकडच्या कोपऱ्यापर्यंत नेला. तिथली पाती लांब होती. त्यांतले एक खुडून तिने सासूच्या ओठांशी धरले.

कडू होते.

"इथवर फडकं पोचतच नव्हतं," मुनिसा हळूच म्हणाली. "ताट भिंतीला टेकलंय तिथे वीतभर जागा उघडी राहत होती. चारही ताटांत. पडवीचं ऊन थेट तिथेच पडतं."

"कधी पाहिलंस?"

"परवा. झाडताना."

"परवा! परवाच सांगितलं असतंस तर..." इनोबतआपा थांबल्या. सांगायचे म्हणजे पाहिले हे कबूल करायचे. आणि पाहायचे नाही हा दंडक या पोरीला त्यांनीच, सासूने आपल्याला शिकवला त्याहून कडकपणे, शिकवला होता. वाक्याचा उरलेला भाग त्यांनी गिळला. त्या कडू पात्यासारखाच.

"ओयीजान, मी हिरवं कापून बाजूला काढते. बायका यायच्या आत. कुणाला कळणार नाही."

"कळेल. कढई निम्मी दिसेल."

"यंदा गहू कमी आला म्हणू."

"तेवीस वाट्या आल्या. बायकांनी आपल्या हातांनी दिल्यात." आपांनी ओढणीच्या टोकाने ओठ पुसले. "राहू दे. जसं आहे तसं राहू दे."

दहा वाजता बायका आल्या. यंत्र, बादल्या आणि गाळायची फडकी पडवीच्या पायरीशी मांडली गेली. इनोबतआपांनी सर्वांना आत बोलावले, तेव्हा बाहेर क्षणभर कुजबुज झाली; कापलेले मोड नेहमी टोपलीतून बाहेर येत, आत कोणी जात नसे. मग त्यांनी एकेक फडके स्वतः उचलले. ताटांचा निम्म्याहून थोडा अधिक भाग दुधासारखा पांढरा होता आणि भिंतीकडचा भाग हिरवागार.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. हिरवं आहे ते माझ्यामुळे. पांढरं आहे ते तुमच्या गव्हामुळे."

तुर्सुनआयने आठ दिवसांपूर्वीच्या आपल्या थट्टेची आठवण होऊन मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "आपा, माझी मेंढी तीन महिने वाळका कडबा खातेय. यंदा तिचाही नवरोज होऊ द्या." एक-दोन बायका हसल्या, एकीने डोळे टिपले. हिरवा भाग सुरीने वेगळा करण्यात आला. कढई खरोखर निम्मीच भरली. नवरोजला प्रत्येक घरी वाडग्याऐवजी वाटीभर सुमालाक गेले. ते गोड होते.

कापणीच्या दुपारी यंत्र धुऊन झाल्यावर इनोबतआपांनी चारही फडकी पिळून दोरीवर वाळत घातली. वाळल्यावर घड्या केल्या आणि स्वयंपाकघरात पीठ मळत बसलेल्या मुनिसाच्या मांडीवर ठेवल्या. तिचे हात पिठात होते. ती गोंधळून वर पाहत राहिली.

"ओयीजान, मला जमेल?"

"चाखायला मी आहे. जीभ अजून शाबूत आहे." त्या उठू लागल्या, पण थबकल्या. "आणि हे बघ, झाकताना चारही कोपरे हाताने चाचप. डोळे कितीही चांगले असले तरी."