टायपिंगच्या वर्गात बदललेली माझी नायिका

हिंगोलीतल्या आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एका दुपारी आठच्या आठ मशिनी अचानक थांबल्या. लाइट गेली म्हणावं तर टायपरायटरला लाइट लागते कुठे... वळून पाहिलं तर अख्खी बॅच मान खाली घालून वाचत बसलेली!

चूक माझीच होती. त्या दिवशी सरावाला मी त्यांना माझ्या कादंबरीची पानं दिली होती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. मी मराठी टायपिंग शिकवायचे आणि मनात एकच धरून बसले होते... आपली प्रेमकथा पुस्तक होऊन आली पाहिजे. बाईमाणसानं असलं काही लिहावं का, म्हणून नातेवाइकांची नाकं मुरडून झाली होती. मी म्हटलं, मुरडू देत.

पुण्याच्या दोन प्रकाशकांनी ती परत पाठवली होती. एकानं लिहिलं, नायिका निर्जीव वाटते. दुसऱ्यानं लिहिलं, अक्षर लागत नाही, टाइप करून पाठवा. पहिलं पत्र मी फाडून टाकलं, कारण त्या माणसाला साहित्यातलं काही कळत नव्हतं! दुसरं जपून ठेवलं.

पण मशिनींवर सकाळपासून बॅचेस, मला मशिन मिळणार कधी? मग डोकं चालवलं. सरावाच्या पुस्तकातले सहकार चळवळीचे आणि अल्पबचतीचे उतारे पोरांना तसेही पाठ झाले होते. त्याऐवजी प्रत्येकाला माझं एकेक पान दिलं... त्यांचा सराव होईल आणि माझी कॉपीही तयार होईल.

झालं भलतंच. पुढचं पान कुणाकडे आहे म्हणून पोरी जागेवरून उठायला लागल्या. स्पीड घसरली. इन्स्टिट्यूटचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, तावातावानं आले. "मॅडम, परीक्षा दोन महिन्यावर आली, अन् तुमी पोरायला हे काय वाचायला देऊन राहिल्या?"

यामुळे एक जरी पोरगं नापास झालं तर नोकरी सोडते, असं मी बोलून बसले. कादंबरी थांबवायची नाही हे पक्कं होतं. फक्त नियम केला, आधी पान वाचून घ्यायचं आणि मग मशिनला हात लावायचा.

महिनाभरात पानं जमली. एका रविवारी सकाळी मी ती मूळ वहीशी ताडून बघायला बसले, आणि एका पानावर थबकलेच.

माझ्या वहीत नायक नोकरीसाठी पुण्याला निघतो आणि नायिका हुंदके देत म्हणते, "मी जन्मभर तुमची वाट पाहीन." टाइप केलेल्या पानावर मात्र होतं... ती रडली नाही. ती म्हणाली, "मला पण परीक्षा द्यायची आहे. पास झाल्यावर बघू."

पान ललिता राठोडचं होतं. सेनगावकडच्या एका तांड्यावरून रोज एस.टी.नं येणारी, वर्गातली सगळ्यात स्वच्छ टायपिंग असलेली पोरगी. म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं.

माझा पारा चढला. सोमवारी आल्या आल्या तिला उभं केलं, हे काय आहे म्हणून.

"मॅडम, तुमच्या गोष्टीतली पोरगी बारावी शिकलेली हाय ना?" ती हळूच म्हणाली. "मग एवढी रडून काहून राहिली? मला लई राग आला."

टायपिस्टनं समोर असेल तेच टाइप करायचं, असं मी तिला सुनावलं. ती चुकलं म्हणाली आणि लगेच बसून पान परत करून दिलं. बिनचूक... माझ्या सगळ्या हुंदक्यांसकट.

दोन्ही पानं मी शेजारी शेजारी ठेवली आणि पुन्हा पुन्हा वाचली. ते फाडलेलं पत्र आठवलं. मला स्वतःची लाज वाटली.

माझ्यासमोर रोज पोरी बसायच्या. कुणी साखऱ्याहून, कुणी नरसीहून, घरच्यांशी वाद घालून, एस.टी.त उभ्यानं येणाऱ्या. आणि मी लिहीत होते ती मात्र वाट पाहण्याशिवाय काही कामच नसलेली मुलगी... अशी मुलगी मी हिंगोलीत एकही पाहिली नव्हती.

मग मी अख्खी कादंबरी नव्यानं लिहायला घेतली. बॅच सगळी पास झाली होती, त्यामुळे सरांनीही दर रविवारी एक मशिन मला वापरायला दिली. लिहिणं आणि टाइप करणं मिळून दोन वर्षं गेली... त्यानंतरही एकदा परत आली, मी पुन्हा पाठवली. शेवटी एका प्रकाशकाचं पत्र आलं, की नायिका फार आवडली, छापतो.

पुस्तक हातात आलं तोवर हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती आणि ललिता एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट होती. पहिली प्रत मी स्वतः तिला नेऊन दिली. तिनं तिचं वाक्य असलेलं पान शोधलं, उभ्याउभ्याच वाचलं.

मग म्हणाली, "मॅडम, तवा घरी माझं लग्न जमवून राहिले होते. परीक्षा बी देऊ देत नव्हते. बापापुढं तोंडच उघडत न्हवतं माझं. त्या दिवशी ते मशिनवर लिवलं, कागदावर उमटलेलं बघितलं... अन् संध्याकाळी घरी जाऊन जसंच्या तसं बोलले."

मला हे इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मी आपली टायपिस्टचा धर्म शिकवत बसले होते!

त्यानंतर माझ्या बऱ्याच कादंबऱ्या आल्या. पण ललिता, तू ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. ते पान तुला परत टाइप करायला लावलं, त्याबद्दल माफ कर गं... आणि तू आधी केलं होतंस त्या पानाबद्दल मनापासून आभार.