पाहुण्यांकडे पाठ

"ए बँडवाल्या! पाठ कोणाले दाखवून राहिला बे? इकडे तोंड कर!"

भर स्नेहसंमेलनात, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष ओरडले. आवाज असा की रामदासपेठेतल्या झाडून साऱ्या दवाखान्यांतले पेशंट उठून बसले असतील. मी स्टेजवर. समोर माझी चौदा पोरं-पोरी, हातात ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ड्रम. मागे पाहुणे. माझे हात वर. सूर सुटायला एक श्वास बाकी.

आता बँड चालवणारा माणूस वाजवणाऱ्यांकडेच तोंड करून उभा राहतो. हातानं ताल द्यायचा, डोळ्यानं बोलवायचं, भुवईनं थांबवायचं. पाठ लोकांकडे येते, त्याला इलाज नाही. बसचा ड्रायव्हर प्रवाशांकडे तोंड करून गाडी हाकत नाही.

पण मी वळलो.

लाज सांगायची तर पुरती सांगतो. वळलो, वरून हसलोही. पोरांकडे पाठ करून अध्यक्षांसमोर हात हलवत राहिलो. व्हेरायटी चौकातल्या ट्रॅफिक हवालदारासारखा. माझा हात वर गेला की पाहुणे टाळ्या धरत, खाली आला की थांबत. एक नगरसेवक तर असा रंगात आला की आणखी दहा मिनिटांत मी त्याच्याकडून अख्खी मैफल बसवून घेतली असती. मागे मात्र गाडी रुळावरून उतरली. ट्रम्पेट पुढे पळाले, ड्रम मागे राहिला, क्लॅरिनेट मधेच गप्प. दोन महिने घासलेली धून तीन मिनिटांत मेली.

अध्यक्ष खूश. मला शाल घातली. "बढिया! आता कसा चेहरा दिसला."

मी कामठीचा. तीन पिढ्या बँडच्या. वस्तीचं नाव सांगितलं की जात विचारावी लागत नाही. संगीतात एम. ए. केलं, कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. म्हणजे शिकवलेल्या तासापुरता सर, तास संपला की कोणी नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांना कपात चहा, मला कागदी ग्लासात. "तुमच्यासाठी खास, सर. स्वच्छ असतो." अख्ख्या कॉलेजात स्वच्छतेचा एवढा लाडका मी एकटाच.

कार्यक्रम संपल्यावर क्लॅरिनेट वाजवणारी पोरगी आली. कुही गावची. रोज बसनं येणारी. डोळे लाल.

"सर, तुमी काहून वळले?"

"अध्यक्ष म्हणाले ना."

"आमाले तुमची पाठ दिसे. पाठीले पाहून काय वाजवाव आमी?"

 माझ्या खांद्यावर ती शाल होती.

घरी जाताना बा आठवत राहिला. वरातीत बँडच्या मास्तरनं नवरदेवाला पाठ दाखवायची नसते. घोडी पुढे येणार, मास्तर तिच्याकडे तोंड करून ट्रम्पेट वाजवत उलटा चालणार. आमच्यात हा कायदाच. बा उलटा इतका चालला की त्याचे जोडे टाचेकडून झिजत नसत, समोरून झिजत. कामठीहून सीताबर्डीपर्यंत उलटा गेला असता आणि एका ऑटोला धक्का लागला नसता. एकदा मात्र नालीत पडला. कंबरभर घाण. वरात हसली. नवरदेवाचा मामा वरून ओरडला, "गाणं थांबू देऊ नको बे!" बानं नालीत उभं राहून गाणं पुरं केलं.

हा किस्सा बा घरी हसत सांगायचा. आम्हीही हसायचो. कित्येक वर्षं हसलो.

त्या दिवशी हसू बंद झालं. मला कळलं, अध्यक्ष हळू बोलले असते तरी मी वळलो असतो. नुसते खोकले असते तरी.

पुढच्या वर्षी पुन्हा स्नेहसंमेलन. पुन्हा तोच सोफा.

"ए! मागच्या वर्षी सांगितलं होतं ना?"

मी हात वर केले.  वळलो नाही. मागून कोणीतरी माइक बंद केला. खुळे लोक. ट्रम्पेटला माइक लागतो का? कुहीच्या पोरीचे डोळे माझ्यावर. मी भुवई उचलली, क्लॅरिनेट नेमकी तिथेच आली. धून पुरी झाली. मागे पाहिलं तर सोफे रिकामे. मागच्या रांगांत पोरं गच्च भरलेली, पण टाळी एकानंही वाजवली नाही. भ्याले होते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी कागद पुढे सरकवला. टाइप केलेला. 'पाठ दाखवून सन्माननीय पाहुण्यांचा अवमान केल्याबद्दल मी बिनशर्त माफी मागतो.'

"एक सही करा. इथे सगळ्यांनी कधी ना कधी केली आहे."

"सर, पाठ दाखवल्याशिवाय बँड चालवता येत नाही."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "अध्यक्षांना माहीत नाही. आणि त्यांना सांगणारा मी नाही."

मी पेन ठेवलं. नव्या सत्रात मला तास मिळाले नाहीत. वाद्यं कपाटात, कपाटाला कुलूप, खोलीत मोडके बेंच. बा माझ्याशी बोलत नाही. बोलला तेव्हा एवढंच बोलला, "मी जिंदगीभर उलटा चाललो. तुले पाच मिनिटं वळता नाही आलं?"

गेल्या आठवड्यात कुहीच्या पोरीचा फोन आला.

"सर, प्राचार्य म्हणतेत, तुमी सही केली का क्लास सुरू होते. करून टाका ना. माह्यं शेवटचं वर्ष आहे."

"नाही."

"आमच्यासाठी बी नाही?"

मी आयुष्यभर फुगवून बोलत आलो. इथे फुगवायला काही सापडलं नाही.

"नाही," म्हणालो.

तिनं फोन कापला. पुन्हा केला नाही. करणारही नाही.

तो कागद प्राचार्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलेला आहे म्हणे, माझी वाट पाहत. पाहू द्या. पिवळा पडेल, तुकडे होतील, मी मरेन. माझी सही त्यावर येणार नाही.