पाठ असलेली गाणी

आमच्या घरी रविवारी सकाळी पोह्यांबरोबर गाणी असतात. नियम माझाच. प्रत्येकाची एकेक पाळी, ज्याची पाळी त्याचं आवडतं गाणं सगळ्यांनी पूर्ण ऐकायचं, मधे बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. लहानपणी माझे वडील आम्हाला रेडिओला हातसुद्धा लावू देत नसत, म्हणून माझ्या मुलांना हा हक्क मी मुद्दाम दिला. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, मुलगी पाचची. आणि खरं सांगतो, तो नियम सगळ्यात आधी मीच मोडला.

माझी पाळी आली की मी राजा. जुनी गाणी, एकेक मुरकी पाठ. डोळे मिटायचे, मांडीवर ताल धरायचा आणि पोरांना आधीच सांगायचं, "आता बासरी येईल बघा... आली!" पोरं खिदळायची. पण मुलाची पाळी आली की माझं डोकं फिरायचं. नुसतं ढबढब. "अरे यार, याला शब्द तरी आहेत का? तोंडात सुपारी धरून गातोय काय हा?" मुलगा आधी भांडायचा. "आहेत ना बाबा, एकदम साफ आहेत!" मग भांडेनासा झाला, नुसता माझ्याकडे बघत राहायचा. ते बघणं मला आवडायचं नाही.

आवाज मी वाढवायचो, बायको कमी करायची. "अहो, खालचे दुकानवाले वर बघतात." आम्ही बडा गणपतीच्या देवळाजवळ दुकानांच्या वरच्या मजल्यावर राहतो. मी म्हणायचो, स्पीकरच बेकार आहे. नवा आणला. तोही तसलाच निघाला.

मी पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात मशीनींची दुरुस्ती बघतो. वीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या धडाडधूममध्ये काढली. कानात घालायचे बोळे मिळतात, मी कधी घातले नाहीत. घालणार कसे? माझी सगळी ऐट कानावरच होती. स्क्रू पिळायच्या पेचकसाचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि कुठलं बेअरिंग जातंय ते सांगायचं. लोक दुसऱ्या शेडमधून बोलवायला यायचे.

एक दिवस प्रेसवरचा जुना ऑपरेटर म्हणाला, "भिया, बेयरिंग चीख रहा है, सुनाई नहीं दे रहा क्या?" मी पेचकस लावला. खालच्या सुरातली गुरगुर होती. चीख, ती बारीक किंचाळी, कुठेच नव्हती. "कुछ नहीं है, चलने दे," मी म्हणालो. जेवणाच्या सुट्टीच्या आत बेअरिंग जाम झालं. सगळ्यांनी तेलाला दोष दिला, मीही तेलालाच शिव्या घातल्या. घरी मात्र ही गोष्ट लपवली.

त्या रविवारी मी स्वतःचीच परीक्षा घेतली. माझं सगळ्यात लाडकं गाणं लावलं आणि जीव मुठीत धरून बसलो. बासरी आली. अगदी लख्ख, शेवटच्या सुरापर्यंत. चला, म्हटलं, कान ठणठणीत आहेत. दोन प्लेट पोहे खाल्ले.

पुढच्या रविवारी मुलीनं जाहीर केलं, "आज मी माझं गाणं म्हणणार. मीच बनवलंय." आठवडाभर ती ते गाणं सगळ्यांपासून लपवून ठेवत होती. लाजत होती, म्हणून आमच्याकडे पाठ करून कपाटासमोर उभी राहिली. तिचे खांदे वर झाले, वेणी हलली. मी मांडीवर ताल धरला. जरा वेळानं नेहमीसारखी दाद दिली, "वा! क्या बात है!"

मुलाचा घास हातातच राहिला. बायको माझ्याकडे बघायला लागली. मुलगी वळली, तेव्हा तिचे ओठ मला दिसले. "बाबा, मी अजून सुरूच नाही केलं."

मी हसलो. कोणीच हसलं नाही. ती पुन्हा कपाटाकडे वळली आणि गायली. गायली हे मला बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. मला फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मग ती धावत आली. "बाबा, कुठली ओळ आवडली?"

"सगळीच!"

"एक शब्द सांगा," मुलगा म्हणाला. "एकच सांगा ना बाबा."

मी त्याच्यावर असा ओरडलो की तो रडायला लागला. मधे बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना! आठ वर्षांचं पोर, कधीपासून मनात ठेवून होतं, आणि मी त्याला नियम शिकवत होतो. लाज वाटते मला अजून.

दोन दिवसांनी बायकोनं मला तुकोगंजला कानाच्या डॉक्टरांकडे अक्षरशः ओढत नेलं. ते म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. शिट्ट्या, चिमण्या, लहान मुलांचे आवाज. गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलंही हळूहळू जाईल. कानाला मशीन लावू, थोडा आधार होईल.

मला राग आला. "मग माझ्या गाण्यातली बासरी मला लख्ख कशी ऐकू येते?"

"ती तुमचं डोकं वाजवतंय," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पाठ आहे ना."

परत येताना स्कूटर बायकोनं चालवली. मागे बसून मी माझी सगळी गाणी एकेक करून मनात लावून बघितली. सगळी होती. माझ्या दोन्ही पोरांचं त्यात एकही नव्हतं.

रविवारी मी आधी मुलाची माफी मागितली. मग म्हटलं, आज माझी पाळी नको. मुलीला मांडीवर घेतलं, उजवा कान जरा बरा आहे, तो पुढे केला. "इथे म्हण. हळूहळू." तिचा गरम श्वास कानात आला, शेवेचा वास आला आणि मग तुटक तुटक काहीतरी. ट्यूबलाइटमागे राहणाऱ्या पालीचं गाणं होतं, तिला शाळेतच घेत नाहीत असं काहीतरी. जो शब्द सुटे तो मुलगा वहीत लिहून मला दाखवत होता. मी ताल धरला. पुन्हा म्हण, म्हटलं. पुन्हा. पोहे गार झाले.

"बाबा, किती वेळा म्हणायचं?" ती कंटाळून म्हणाली.

"पाठ होईपर्यंत," मी म्हणालो.