चन्नप्पाअण्णांचा तिसरा तुकडा

नाव : भुवनेश्वरी सिद्धेश्वर हत्तुरे. पद : प्रयोगशाळा तंत्रज्ञ. ठिकाण : सोलापुरातील एक खासगी पॅथॉलॉजी लॅब, दुसरा मजला, लिफ्ट बंद. कर्तव्ये : आलेल्या तुकड्यास क्रमांक देणे, तो मेणात बसवणे, केसाहून पातळ कापणे, रंगवून काचेवर डॉक्टरांपुढे ठेवणे. रुग्णाशी आजाराविषयी बोलणे कर्तव्यांत समाविष्ट नाही.

अक्कलकोटकडचे भुसार दुकानदार चन्नप्पा यांच्या कातडीचे दोन तुकडे तिने असेच कापले होते. कमरेवर, मांडीवर सहा वर्षं लालसर चट्टे. गावाने नायटा ठरवून टाकलेला. कातडीच्या डॉक्टरांना मात्र लिम्फोमाची, म्हणजे त्वचेतच सुरू होणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची शंका होती. दोन्ही अहवालांत एकच मजकूर : ‘निश्चित सांगता येत नाही.’ चुकण्याची सोयच नसलेलं वाक्य.

दुसरा अहवाल न्यायला अण्णा बायको ईरम्मासह आले ते निर्णय घेऊनच. “आता बास. अंगाची काय चाळणी करायची?”

भुवनेश्वरीला कोडं वेगळंच पडलं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीला जोडलेल्या जुन्या फोटोत चट्टा लालभडक होता. तिने अण्णांना कमरेवरचा सदरा वर करायला लावला. चट्टा जेमतेम दिसत होता.

“अण्णा, हा फिका कसा झाला?”

“हुईल न्हाय तर काय!” ईरम्मा म्हणाल्या. “दवाखान्याची तारीख ठरली की पंधरा दिस मेडिकलवाल्याची ट्यूब चोळतात. पावणे येणार म्हणून घर सारवावं, तसं.”

“मग? डॉक्टरापुढं असलं अंग घिऊन जायचं व्हय?” अण्णांनी सदरा खाली ओढला.

ट्यूब स्टेरॉइडची होती. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पेशी शोधायच्या, त्यांनाच ती दर वेळी पांगवत होती. भुवनेश्वरीने हे लॅबच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी कातडीच्या डॉक्टरांना फोन केला. हुकूम सुटला : चार आठवडे ट्यूब बंद, मग तिसरा तुकडा.

“चार आठवडे नुसतं खाजवत बसू?”

“बसा की,” ईरम्मा म्हणाल्या. “न्हाय तर चौथा तुकडा द्या.”

अण्णा बसले. तिसऱ्या काचेवर, कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी, रंगामुळे काळपट दिसणाऱ्या त्याच पांढऱ्या पेशी एकीशेजारी एक लागलेल्या होत्या. आधीच्या दोन काचांवर तिथे काहीच नव्हतं. भुवनेश्वरीने दोनदा पाहिलं आणि काच डॉक्टरांपुढे ठेवली. खात्रीसाठी खास रंगचाचण्या पुण्याला गेल्या, दहा दिवसांनी उत्तर आलं.

लिम्फोमाच होता. पुढच्या तपासण्यांत तो त्वचेबाहेर गेलेला दिसला नाही.